आठ महिने शेकवर: सकाळचा ठेवला, रात्रीचा सोडला (थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी नक्की वाचा)

जेवणाऐवजी प्रोटीन शेक घ्यायला लागून आठ महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यातच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं, कारण साडेतीन किलो उतरले होते आणि ऑफिसमध्ये जो तो विचारत होता काय करतेस म्हणून.

माझं आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. वय ४३, उंची पाच फूट एक इंच, सुरुवातीचं वजन ७४ किलो, सहा वर्षं थायरॉईडची गोळी चालू. डोंबिवलीला राहते आणि ऑफिस फोर्टला. पहाटे पाचला उठून तीन डबे भरायचे, आठची फास्ट पकडायची, यात नाश्ता राहिला तो राहिलाच. मग अकरा वाजता कडाडून भूक लागली की चहा आणि बिस्किटांचा अख्खा पुडा, नाहीतर खालचा वडापाव. वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटच्या हॉलमध्ये शेकचा क्लब चालतो, तिथे मैत्रीण घेऊन गेली. तिथल्या कोच ताईंनी वजन केलं, पावडरचा डबा दिला आणि सांगितलं सकाळी एक, रात्री एक, दुपारी घरचं जेवण. पावडर पाण्यात घेतली तर लवकर उतरेल हेही त्यांनीच सांगितलं आणि मी महिनाभर पाण्यातच घेतली. गोळ्या कुठल्या चालू आहेत हे कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते डब्याच्या मागच्या लेबलबद्दल. एक स्कूप २५ ग्रॅम, त्यात ९० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रोटीन. बस्स एवढंच. एका पोळीएवढ्या कॅलरी! जेवणाऐवजी म्हणून जे शेक येतात त्यांच्यासाठी कोडेक्स नावाचं अन्नपदार्थांचं आंतरराष्ट्रीय मानक १९९१ पासून आहे, त्यात एका वेळेला निदान २०० आणि जास्तीत जास्त ४०० कॅलरी हव्यात असं म्हटलंय. तीच पावडर पाव लिटर टोन्ड दुधात घातली तर दुधाच्याच साधारण १४५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे अर्धं काम दूधच करतं. मी पाण्यात घेत होते म्हणजे दोन शेक आणि दुपारचा डबा मिळून दिवसाला सातशेच्या आसपासच खात होते, त्यात ट्रेनमध्ये उभं राहून जाणं-येणं आणि घरी आल्यावरचं सगळं. साडेतीन किलो त्यामुळे उतरले, पावडरमध्ये काही जादू होती म्हणून नाही.

चव ठीक आहे. व्हॅनिला रोज घेता येतो, आंबा फ्लेवर मला दुसऱ्या आठवड्यात नकोसा झाला. डबा ५०० ग्रॅमचा, मला २१०० रुपयांना पडायचा, दिवसाला दोन स्कूप धरले तर दहा दिवस जातो, म्हणजे महिन्याला तीन डबे आणि ६३०० रुपये, दूध वेगळं.

आता रात्रीचं. हा भाग माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेला. आमच्याकडे साडेआठला सगळे एकत्र बसतात, दिवसभरात तेवढाच वेळ चौघं समोरासमोर असतो. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी बसलेली, गरम भात, वर तूप, आणि माझ्यासमोर शेकचा मग. मुलगी दहावीत आहे, ती एक दिवस म्हणाली, "आई, तू आमच्यात बसतेस पण जेवत नाहीस, मला कसंतरी होतं." सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, "अगं, चावल्याशिवाय पोट भरलं कसं म्हणायचं?" आणि ते खरंच आहे. दूध-पावडर दोन मिनिटांत पोटात जाते, साडेदहाला परत भूक, मग मी ओट्याशी उभी राहून शेव खायची. पोट साफ होईना ते वेगळंच, रोज रात्री इसबगोल घ्यावं लागलं, कारण भाजी-कोशिंबीर-पोळीतून जो चोथा जायचा तो अर्ध्यावर आला होता. चार महिन्यांनी रात्रीचा शेक बंद केला. आता एक पोळी, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात. वजन ६७.५ पर्यंत गेलं होतं ते ६९.८ वर येऊन थांबलंय आणि मला ते मान्य आहे.

थायरॉईडवाल्यांनी इथे थांबून नीट वाचा. मी गोळी साडेपाचला घेत होते आणि शेक सव्वासहाला. तिसऱ्या महिन्यापासून केस इतके गळायला लागले की न्हाणीघराच्या जाळीवर रोज गुंता, संध्याकाळी पाय जड, डोंबिवलीचा जिना चढताना मधे थांबावं लागायचं. मला वाटलं डाएटचा थकवा असेल. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ८.९, आधीचं २.८ होतं, गोळी तीच. डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी एकच विचारलं, सकाळी काय खाता आणि किती वाजता. मी डबाच नेऊन दाखवला. त्यात पहिलाच घटक सोया प्रोटीन, शिवाय वरून घातलेलं कॅल्शियम आणि लोह, आणि हे तिन्ही त्या गोळीला नीट शोषू देत नाहीत. म्हणाले गोळी आणि शेक यात चार तासांचं अंतर ठेवा. केसांचं म्हणाल तर त्यांनी सांगितलं की झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी असे गळतात आणि परत येतात, थायरॉईडची त्यात भर पडली. तेव्हापासून गोळी साडेपाचलाच पण शेक ऑफिसला पोचून पावणेदहाला. दोन महिन्यांनी टीएसएच ३.६, डोस न वाढवता. इतकी साधी गोष्ट होती आणि मी ती सहन करत बसले होते, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

सकाळचा शेक मात्र मी सोडणार नाही. ती वेळ माझी उपाशीच जायची, तिथे काहीतरी धड पोटात जातंय, अकराची बिस्किटं सुटली. फक्त डबे आता आणत नाही, घरीच करते. फुटाणे सालं काढून मिक्सरला बारीक दळायचे, बिहारकडचं सत्तू म्हणजे हेच. आपल्याकडचं सातूचं पीठ वेगळं, त्यात गहू पण असतो, तेही चालतं पण प्रोटीन थोडं कमी. तीन मोठे चमचे पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहिली नाही पाहिजे, मग पाव लिटर दूध, अर्धं केळं, चमचाभर दाण्याचं कूट. साधारण ४०० कॅलरी, १८-१९ ग्रॅम प्रोटीन, आणि दीड वाजेपर्यंत भुकेची आठवण येत नाही. आठवड्यातून दोनदा नाचणी सत्त्व शिजवून गार करून घालते. विकतच्या पावडरीत जी व्हिटॅमिन्स घातलेली असतात ती यात नाहीत हे खरं, पण माझी बाकीची दोन्ही जेवणं आता घरची आहेत.

नुसत्या फळांच्या स्मूदीने मात्र काही होत नाही. मे महिन्यात आंबा-केळं-मध करून पाहिलं, गाळलं नाही म्हणजे चोथा राहतो तेवढं बरं, पण दूध-दही-दाणे काही नसलं की दीड तासात पोट रिकामं. दूध आणि केळं एकत्र करू नये असं सासूबाईंचं मत आहे, पण शिकरण त्याच करतात आणि फार सुंदर करतात, तेव्हा त्यावर आमचं बोलणं तिथेच थांबतं.

शेकर घेताना झाकणातली रबरी रिंग निघते का ते बघा. माझ्या पहिल्या शेकरची निघत नव्हती, तिच्या खाली दूध साचून काळी बुरशी धरली आणि धुऊनही आंबूस वास जाईना. आता पीठ कोरडं नेते, दूध छोट्या थर्मासमध्ये गार.

माझे दीर नाशिकला असतात, त्यांना डायबिटीसची आणि बीपीची अशा दोन गोळ्या चालू आहेत. त्यांनी कुठेतरी वाचलं की ब्रिटनमध्ये शेकवर राहून डायबिटीस गेला. तो अभ्यास खरा आहे, डायरेक्ट नावाचा, २०१७ मध्ये निकाल आले, तीनशे लोक होते, त्यातल्या अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींचे शेक आणि सूप दिले आणि वर्षाने त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्यांच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या आणि सगळा काळ दवाखान्यातल्या नर्स-आहारतज्ज्ञांची देखरेख होती. गोळ्या चालू ठेवून एवढं कमी खाल्लं तर साखर धाडकन खाली येऊ शकते. मी भावोजींना फोन करून सांगितलं, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि डब्याच्या लेबलचा फोटो पाठवलाय. गुरुवारी त्यांची अपॉइंटमेंट आहे.