स्ट्रिंग ब्लॉकला पाया कशाचा: कागद की मांजरपाट?

क्विल्टिंग बीमध्ये, म्हणजे मिळून क्विल्ट (गोधडी) शिवणाऱ्या गटात, ब्लॉक (क्विल्टचे चौकोनी तुकडे) बऱ्याच जणी शिवतात आणि शेवटी जोडते एकच जण. म्हणून कमीजास्त रुंदीच्या उरलेल्या पट्ट्यांचा स्ट्रिंग ब्लॉक ठरला असेल, तर पट्ट्या ज्यावर शिवायच्या तो पाया म्हणून कागद घ्यायचा की मांजरपाट, हे पहिली पट्टी कापण्याआधी सगळ्यांना एकसारखं कळवा. पद्धती दोन्ही अमेरिकेत जुन्याच. १९३०च्या दशकातल्या मंदीत तिथल्या बायका वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवरही पट्ट्या शिवत आणि जुन्या कापडावरही.

बीसाठी मी कागदच सुचवेन, आणि ते मापासाठी. पट्ट्या चौकोनाच्या कर्णाला समांतर लागतात, त्यामुळे ब्लॉकच्या चारही कडा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरप्या, येतात आणि हाताळताना ताणतात. कागद ताणत नाही. मधली सामाईक रंगाची पट्टी दीड इंच कापली, की दोन्हीकडची पाव-पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) जाऊन एक इंच दिसते. कर्णाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर रेघ आखून त्यावर टीप मारली, की चार ब्लॉक जोडताना या पट्ट्यांची चौकट नीट जुळते. कापडावरही रेघ आखता येते, पण ते शिवताना सरकतं.

एक गोष्ट मात्र आधी बघा. अमेरिकी लेटर कागद साडेआठ इंच रुंद असतो, ए-फोर सव्वाआठच्या जरा वर. न्यू जर्सीतली मैत्रीण साडेआठ इंची चौकोन कापेल, पुण्यातलीला तो ए-फोरमधून निघणारच नाही. गट असा पसरलेला असेल तर सगळ्यांनी ८ इंची चौकोन घ्यावा. जोडल्यावर तो साडेसात इंच भरतो.

कागद शेवटी फाडून काढावा लागतो, त्रास त्यातच आहे. टाका दीड मिलिमीटरचा आणि मशीनची सुई ९०/१४ नंबरची ठेवली तर तो सहज निघतो. इस्त्री कोरडी हवी, वाफेने कागद सुरकुततो. छापील वर्तमानपत्र नकोच, शाई फिक्या कापडावर उतरते.

मांजरपाटाला फाडणं नाही, हा मोठाच आराम. जुन्या, विरलेल्या सुती साड्यांच्या पट्ट्या असतील तर मी बिनदिक्कत मांजरपाट घेईन. त्या कापडाला कायमचा आधार लागतो. पण मांजरपाट आधी धुवून आटवून घ्यायला हवा, आणि क्विल्टमध्ये एक थर कायमचा वाढतो. त्यामुळे टपालाचं वजन वाढतं, आणि हाताने धावदोरा घालणारीची बोटं दुखतात. मशीनवर क्विल्टिंग होणार असेल तर ही अडचण उरत नाही.

कागद ठरला तर तो लावूनच ब्लॉक पाठवायला सांगा. साडेसात इंची ६४ ब्लॉकांचं, म्हणजे ६० इंची क्विल्टचं फाडणं एकटीवर येतं खरं, पण शेजारचे ब्लॉक जोडून झाल्याशिवाय कागद काढू नये. जोडल्यावर टिपेवर घडी घालून नखाने दाबा, मग फाडा. टाके उसवत नाहीत.