जुन्या विटांच्या भिंतीला चुन्याचा गिलावा: एक पावसाळा काढल्यानंतर

चुन्याचा गिलावा केला की ओल जाते, असं कुणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका. जोत्यालगतची आमची भिंत पावसात गडद झालीच. फरक पडला तो नंतर: उघडीप मिळताच ती वाळली. आधी इथे सिमेंटचा गिलावा होता. तेव्हा पाणी विटेत कोंडून राहायचं, रंगाला फुगे यायचे आणि पोपडे पडायचे. आता ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे थोडा पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, राहतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर विरघळून परत भिंतीत मुरतो. छत किंवा पाइप गळत असेल तर मात्र आधी ते दुरुस्त करा, तिथे चुना काय करणार?

माल साधाच होता: एक भाग विरवलेला चुना, तीन भाग खरखरीत वाळू आणि खालच्या थरात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. (चुनकळी, म्हणजे भाजलेला चुनखडक, पाण्यात विरवताना ते पाणी उकळून उडतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच, ओला चुना डोळ्याला फार घातक.) खरी परीक्षा त्यानंतरच्या थांबण्यात आहे. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे बाहेरून आत, महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने. तेही थोडा ओलावा असेल तर. म्हणून ओलं गोणपाट टांगायचं, ऊन-वारा अडवायचा. गवंड्याला घाई असेल तर हे काम देऊच नका.

काही महिन्यांनी खिळा ठोकताना एक टवका निघाला. त्याच्या ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाकले; कच्च्या चुन्यावर हे रसायन गुलाबी होतं. वरची पट्टी बिनरंगी राहिली, आतला भाग गर्द गुलाबी झाला. म्हणजे आत अजून कच्चा चुना होता. त्यानंतर जड फळ्या टांगताना गिलाव्यावर भिस्त न ठेवता थेट विटेत लांब स्क्रू घातले.

पर्यावरणपूरक म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं अर्धंच मला पटतं. १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला तर ५६ किलो चुनकळी मिळते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गिलावा पक्का होताना यातला बराचसा परत शोषतो, पण भट्टीत जळालेल्या इंधनाचा धूर काही परत घेत नाही. चुन्याची भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते आणि सिमेंटच्या क्लिंकरला (दळण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांना) १४५० लागतात, हा फायदा खरा. तरी ‘कार्बनमुक्त’ हे जाहिरातीचं बोलणं झालं. माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळीच आहे. सिमेंट उखडताना विटांचे दर्शनी पापुद्रे सोबत निघाले होते. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे झिजला तर तो झिजेल, वीट शाबूत राहील. खराब झाला तेवढाच तुकडा काढून नवा भरता येतो.

तक्रारीही आहेत. दाराजवळचे कोपरे खुर्ची लागून टवके उडालेत. भिंतीला टेकलं की सुरुवातीला कपड्यांना पांढरं लागायचं, चुन्याचे पातळ हात मारल्यावर ते कमी झालं. केसाएवढ्या बारीक भेगांपैकी काही त्या थरांत बुजल्या, रुंद भेगा हाताने भराव्या लागल्या. बुरशी अजिबात येत नाही, हेही खोटं: ताजा चुना तिला टिकू देत नाही, पण पक्का होत गेला की तो तीव्रपणा उतरतो. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे डाग आलेच. कपाट हातभर पुढे ओढलं, आता ठीक आहे. ॲसिडचं कुठलंही क्लीनर लावू नका, पृष्ठभाग खाऊन टाकतं.

प्लास्टिक पेंटच लावायचा असेल तर हा सगळा खटाटोप फुकट आहे, कारण ती पातळ कातडी भिंतीची वाट पुन्हा बंद करते. आम्ही चुन्याच्याच रंगात थोडी गेरू मिसळून वापरली. छटा डबा-डब्यागणिक बदलते, ते चालवून घ्यावं लागतं. विरवलेला चुना उरला तर वर पाण्याचा थर ठेवून झाकणबंद डब्यात ठेवा, डागडुजीला तोच कामी येतो.