तीन बँडचा रेडिओ: वळवापासून थंडीपर्यंत वापरून

वळवाच्या दिवसांत घेतलेला रेडिओ थंडी सरत आली तरी रोज वाजतोय, तेव्हा आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे तीन बँड, आकडे दाखवणारा छोटा पडदा, दोन पेन्सिल सेल. घेतला तो भोरच्या पुढे गावी, आईसाठी. तिथे तिन्ही बाजूंना डोंगर, मोबाईलची रेंज ओसरीच्या एकाच कोपऱ्यात.

आधी सेटिंगचं सांगतो, कारण एवढ्यावरूनच रेडिओ परत करावासा वाटेल. बाहेरून येणारे बरेच सेट मीडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतात. ती अमेरिकेची पद्धत. आपली स्टेशनं ९ च्या टप्प्यावर बसवलेली आहेत: पुणे ७९२, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८. सेट ७९० वर थांबतो आणि निवेदिका तोंडावर उशी धरून बोलतेय असं वाटतं. एखादं बटण दाबून धरलं की टप्पा ९ चा होतो. कोणतं बटण, ते माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. एकदा ते केलं की ७९२ स्वच्छ.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एफएमला तोड नाही. १०१ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३ मीटर लांब, त्यामुळे तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपासची एरियलची दांडी उत्तम. या सेटची तेवढी नाही, पण शहरात भागतं. गावी मात्र डोंगराच्या आडोशाला एफएमवर नुसता फस्स. एवढीशी लहर डोंगराला वळसा घालत नाही. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटरची. ती जमीन धरून, टेकड्यांवरून वाकत खाली उतरते. वेग दोघींचा एकच, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. पण लांबीतल्या फरकावर आईच्या सकाळच्या बातम्या ठरतात.

मीडियम वेव्हसाठी दांडी ताणू नका, तिचा काही उपयोग नाही. आत फेराइटची, म्हणजे लोहचुंबकी पदार्थाची कांडी असते, तीच इथे एरियलचं काम करते आणि ती दिशा पाळते. सेट जागच्या जागी हळूहळू फिरवायचा. कांडीचं टोक स्टेशनच्या रोखाने आलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तिथून काटकोनात वळवला की भरून येतो. हीच युक्ती उलटीही चालते: शेजारचा इन्व्हर्टर गुरगुरत असेल तर कांडीचं टोक त्याच्याकडे करायचं. मला या सेटमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि खोक्यावर तिचा उल्लेखही नाही.

फ्लॅटमध्ये मीडियम वेव्ह ऐकणं हा वैताग आहे. स्लॅबमधल्या सळया लहर अडवतात, आणि जे उरतं त्यावर स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स सगळे आपापली खरखर ओततात. लाइट गेली की अचानक पुणे केंद्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. गॅलरीच्या कठड्यावर ठेवला तर बरा चालतो. आईचा जुना बटणांचा फोन सेटजवळ असला तर घंटी वाजायच्या क्षणभर आधी रेडिओ टर्रटर्र करतो. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांत लहर सोडतो, ती टर्रटर्र त्याचीच. आई आता त्यावरूनच फोनकडे हात नेते.

वळवात विजेची कडकड मीडियम वेव्हवर लखलखाटाच्या क्षणीच ऐकू येते, गडगडाट मागून. आवाजाला १ किलोमीटर यायला जवळपास ३ सेकंद लागतात, म्हणजे मनात मोजत बसलं की पाऊस किती लांब आहे ते कळतं. अंगणातलं वाळवण काढायला एवढा इशारा पुरतो. एफएमवर ही कडकड फारशी येत नाही, कारण वीज लहरीची उंची बिघडवते आणि एफएमचा सेट उंचीकडे बघतच नाही.

दिवस मावळला की बँडवर गर्दी. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा थर मीडियम वेव्ह गिळतो. रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात. मग कधी कन्नड, कधी गुजराती स्टेशन लागतं. लागतं तसं विरूनही जातं, त्याचा भरवसा धरू नका.

शॉर्ट वेव्हसाठी घेणार असाल तर थांबा. बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले त्या १९५२ पासून आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, ते याच बँडच्या जोरावर. कोलंबोहून निघालेली लहर आकाशातून वळून मुंबईत उतरायची. आज त्या बँडवर चिनी प्रसारण दणक्यात येतं, बाकी सामसूम. बीबीसी हिंदीही जानेवारी २०२० मध्ये या बँडवरून उतरली.

किरकोळ तक्रारी: स्पीकर पातळ, आणि सेल बदलले की घड्याळ पुन्हा लावावं लागतं. अडॉप्टर लावून ऐकू नका, त्याचीच गुरगुर येते. सेल बरे.