आयडिया, कन्सेप्ट की नोशन: इंग्रजी प्रबंधात कोणता शब्द वापरावा?

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी कल्पना, विचार या अर्थाचे आयडिया, कन्सेप्ट आणि नोशन असे तीन शब्द असतात. शब्दकोश त्यांना जवळपास एकाच पंगतीला बसवत असल्याने निवड बहुधा कानाला काय बरे वाटते यावर होते. शब्दांचा इतिहास पाहिला तर ती बरीच सोपी होते.

आयडिया मूळचा ग्रीक. ज्या धातूतून तो आला त्याचा अर्थ पाहणे असा असून, आपल्या ‘वेद’ आणि ‘विद्या’ यांतील ‘विद्’ धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. प्लेटोच्या लेखी आयडिया म्हणजे डोक्यात येणारा विचार नव्हेच, तर जगातील वस्तू ज्याच्या अपुऱ्या प्रतिकृती असतात ते अविनाशी रूप होय. सतराव्या शतकात ती मनात येऊन राहिली, आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर माणूस विचार करताना बुद्धीसमोर जे जे असते त्या साऱ्यालाच आयडिया म्हटले. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये तिचा अर्थ आवळून संवेदनेचा फिका ठसा एवढाच ठेवला. त्यामुळे तत्त्वज्ञानावरील लेखनात हा शब्द कोणाच्या अर्थाने वापरला आहे, हे सांगावेच लागते. इतरत्र मात्र तो निर्धास्तपणे वापरावा.

कन्सेप्टच्या मुळाशी लॅटिनमधील एकत्र धरणे, धारण करणे हा अर्थ आहे. अनेक उदाहरणांतील समान अंश पकडून ज्याची व्याख्या करता येते, ते कन्सेप्ट. जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या ‘बेग्रिफ’साठी इंग्रजीत हाच शब्द रूढ आहे, आणि त्या जर्मन शब्दातही पकडणेच आहे. कान्टच्या ‘इडे’साठी मात्र आयडिया येतो, कारण आत्मा, विश्व, ईश्वर यांना अनुभवात जुळणारी वस्तू नसते. कान्टवर लिहिताना ही अदलाबदल म्हणजे सरळ चूकच. शिकवणीतल्या ‘कन्सेप्ट क्लिअर आहे’ या वाक्यामुळे आपल्याकडे हा शब्द कुठेही चालतो, पण व्याख्या देता येत नसेल तर तो टाळावा.

नोशन ‘ज्ञा’ धातूच्या लॅटिन भावंडातून आला. रोमन लेखक सिसेरोने ग्रीक तत्त्वज्ञांच्या संज्ञेसाठी तो योजला, आणि आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने आत्म्याची आयडिया नसते, नोशन असते, असा भेद आपल्या मानवी ज्ञानावरील ग्रंथाच्या १७३४ च्या आवृत्तीत केला. पुढे मात्र या शब्दाचे वजन उतरले. अमेरिकेत तर त्याचे अनेकवचन सुया, बटणे, दोरा अशा किरकोळ मालासाठी वापरतात. ‘दारिद्र्य आळसातून येते ही नोशन’ असे लिहिले की पुढे खंडन येणार हे वाचक ओळखतो, म्हणून स्वतःच्या सिद्धान्ताला नोशन म्हणू नये. गणितात मात्र सीमेची (लिमिटची) किंवा अंतराची नोशन म्हणताना कोणी नाक मुरडत नाही.