ट्रेडिंगचा डिप्लोमा की एनआयएसएमची परीक्षा?
ब्रोकरकडे इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या (शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावर आधारलेले फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजेच एफ अँड ओ) ऑर्डर टाकण्याची नोकरी हवी असेल, तर एनआयएसएमची (शेअर बाजार नियामक सेबीची प्रशिक्षण आणि परीक्षा घेणारी संस्था) सिरीज ८ किंवा सिरीज १३ परीक्षा लागतेच. ऑनलाइन डिप्लोमा तिची जागा घेत नाही. सिरीज ८मध्ये १०० प्रश्न, २ तास, उत्तीर्णतेला ६० गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अंदाजाने उत्तरं ठोकणारे इथेच अडकतात. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

खर्चात परीक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय अभ्यासपुस्तिका मोफत. पण शंका विचारायला कुणी नाही, ती सोय डिप्लोमात मिळते. फी भरण्याआधी अभ्यासक्रम पाहा: मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी रक्कम), स्टॉप-लॉस (ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडण्याची ऑर्डर), एका सौद्यात किती भांडवल लावायचं, हे नसून नुसते इंडिकेटर (भावाच्या चार्टवरून काढलेले संकेत) असतील तर सोडून द्या. सेबीच्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ दरम्यान एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले.

नोकरीसाठी परीक्षा, एकट्याने अभ्यास होत नसेल तर डिप्लोमा.