जिगच्या पाकिटावर छापलं एक ग्रॅम, काट्यावर भरलं साडेतीन

मासेमारीची अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकी, रॉड आणि बारीक जिग (शिशाचं डोकं असलेले गळ) ऑनलाइन मागवायच्या बेतात असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आपल्याकडे मरळीचे रबरी बेडूक आणि रोहू-कटल्याच्या जाड रॉड दुकानात सहज मिळतात. एक-दोन ग्रॅमचं ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, फेकणारी रॉड मात्र मला नागपुरात कुठे हातात घेऊन बघता आली नाही. म्हणून सगळे ऑनलाइन मागवतात, आणि फसवणारे नेमके तिथेच बसलेले असतात.

अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी अशा तळहाताएवढ्या माशांना पॅनफिश म्हणतात. त्यांच्यासाठी जिग साधारण १/६४ ते १/१६ औंसाचे वापरतात, म्हणजे अर्ध्यापासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत. त्यावर इंच-दीड इंचाचं सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ रबरी आमिष, चढवायचं. आपल्या तलावांतला तिलापियाही छोट्या तोंडाचा, त्यामुळे इकडच्या पोरांना ही पद्धत आवडायला लागली आहे. यात सगळी मजा हलकेपणाची आहे. जिग सावकाश खाली जातो, मासा त्याला बघतो, मागे येतो, मग तोंड लावतो. वजन दुपटी-तिपटीने वाढलं की जिग दगडासारखा तळाशी जाऊन चिखलात बसतो. आणि हे वजन फोटोत दिसत नाही.

सोशल मीडियावरच्या एका पानावर मला रॉड, रील, लाइन (गळाची दोरी), जिग आणि सॉफ्ट प्लास्टिकचा पूर्ण संच दिसला. किंमत ४,८०० रुपये. विक्रेता फोनवर अगदी आपल्या बोलीत बोलला, ‘भाऊ, टेन्शन नका घेऊ, माल एक नंबर हाय.’ बिल मागितलं तर म्हणाला, पार्सलसोबत येईल. पैसे यूपीआयने आधी घेतले. पार्सल आलं, त्यात बिल नव्हतं.

रॉडच्या मुठीच्या वर ‘अल्ट्रालाइट, १–७ ग्रॅम’ असं छापलेलं होतं, म्हणजे एवढ्या वजनाचं ल्यूर फेकणारी रॉड. पण टोक वाकवलं तरी रॉड मधून हलेना, म्हणून त्या छापाच्या कडेला नख लावून पाहिलं. स्टिकर सुटला. खाली कंपनीचा मूळ छाप निघाला : १०–३० ग्रॅम. चिकटवलेल्या स्टिकरवरून लाखेसारखा पातळ हात फिरवला होता, की बोटाला कड लागू नये. इतकी मेहनत घेऊन फसवणाऱ्या माणसाला चुकून दुसरा माल गेला असं म्हणता येणार नाही.

जिग घेऊन मी इतवारीत ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर ‘१ ग्रॅम’वाला जिग साडेतीन ग्रॅम भरला. दुसरा टाकला, तोही तेवढाच. काकांनी विचारलं, ‘हे शिसं विकलं की सोनं?’ साडेतीन ग्रॅम म्हणजे १/८ औंस, बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त जिग. पाकीट तेवढं नवं छापलेलं.

लाइन तपासायला तर काटाही लागत नाही. पेन्सिलीवर ५० वेढे एकमेकांना चिकटून घाला आणि पट्टीने रुंदी मोजा. ०.२० मिलिमीटरची लाइन असेल तर रुंदी एक सेंटिमीटर भरते. माझ्या रिळावर ०.२० लिहिलं होतं, रुंदी भरली पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे लाइन ०.३५ ची. तिच्यावर खरा एक ग्रॅमचा जिग बांधला तरी तो चार हातांवर पडेल, लांब जाणारच नाही.

काट्याचे आणि स्टिकरचे फोटो पाठवले तेव्हा आधी उत्तर आलं की माल वापरलेला आहे, परत होणार नाही. दोन दिवसांनी सूर एकदम मऊ झाला. ‘रिफंड करतो भाऊ, हा क्यूआर स्कॅन करा अन् पिन टाका.’ माझा भाचा शेजारीच होता. त्याने फोन हातातून घेतला आणि त्या कोडमध्ये नेमकं काय आहे ते वाचून दाखवलं : त्यावर पैसे देण्याची मागणी होती. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. म्हणजे खोटा माल ही पहिली लूट, आणि रिफंडच्या नावाने दुसरी.

आम्ही त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोच क्रमांक मिळाला, पैसे अजून मिळालेले नाहीत. हा फोन जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. नुसत्या खराब किंवा खोट्या मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. अडचण एकच, समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. तो बिलावर असतो. म्हणून बिल आधी फोनवर मागवा, पैसे नंतर.

पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, आणि जिगची पाकिटं फोडायच्या आधी एक तरी काट्यावर ठेवा. त्या माणसाचं पान आता नव्या नावाने सुरू आहे. फोटो तेच आहेत : निळ्या चटईवर रॉड आणि मुठीच्या वर तो स्टिकर.