लीकेज क्लॅम्प मीटर: आरसीसीबी विनाकारण पडत असेल तर

आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) वरचेवर पडतो, कशामुळे ते कळत नाही, पुन्हा उचलला की तासन्‌तास सगळं सुरळीत चालतं. अशा वेळी एकेक उपकरण काढून वाट पाहायची, ही सर्वांच्या सवयीची पद्धत. ती बऱ्याचदा निर्दोष उपकरणावर बोट ठेवते. आयईसी ६१००८ या मानकानुसार ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलीअँपिअरपर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. घरात सतत १६-१७ मिलीअँपिअर गळती वाहत असेल, तर शेवटी लावलेल्या धडधाकट उपकरणाच्या अर्ध्या-एक मिलीअँपिअरनेही आरसीसीबी पडतो आणि दोष त्याच्या माथी बसतो. लीकेज क्लॅम्प मीटर म्हणजे वायरभोवती जबडा मिटवून गळती मोजणारं मीटर. त्याचं खरं मोल हे की वीज चालू असताना ही साठलेली गळती आकड्यात दिसते.

साध्या क्लॅम्प मीटरने हे जमत नाही. त्याची सर्वांत लहान पायरी ०.०१ अँपिअरची असली तरी ती १० मिलीअँपिअर झाली. लीकेज क्लॅम्प ०.०१ मिलीअँपिअर किंवा त्याहून बारीक वाचतो, आणि त्याचा जबडा बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून जपलेला असतो. याच्या मोठ्या रेंज साध्या लोडसाठीही चालतात, त्यामुळे एमसीबीची (जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणाऱ्या स्विचची) तक्रार असली तरी हेच मीटर पुरतं.

मोजण्याची रीत सोपी, पण नेमकी आहे. आरसीसीबीच्या पुढे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायर एकत्र जबड्यात घ्यायच्या, अर्थिंगची वायर बाहेर ठेवायची. तीन फेज असतील तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र. गेलेला आणि परत आलेला प्रवाह एकमेकांना खोडतो, उरतो तो गळतीचा. मोजण्याआधी त्याच जागी रिकामा जबडा धरून वाचन घ्यावं. तिथेच अर्धा मिलीअँपिअर दिसत असेल तर शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा बसबारचं (प्रवाह वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचं) क्षेत्र आत शिरतंय, जागा बदलावी. वायर जबड्याच्या मधोमध असाव्यात आणि जबड्याची मिटणारी तोंडं स्वच्छ असावीत. तिथल्या धुळीनेही आकडा बिघडतो.

डीबीचं (आरसीसीबी-एमसीबी बसवलेल्या पेटीचं) झाकण काढल्यावर आतले टर्मिनल जिवंत असतात. त्या कामाचं प्रशिक्षण नसेल तर मीटर घरात असूनही हे काम इलेक्ट्रिशियननेच करावं. मीटरवर कॅट ३ ची (इमारतीच्या वायरिंगवर मोजण्यासाठीच्या सुरक्षा दर्जाची) खूण असणं ही किमान अट.

आता निदान. सगळा नेहमीचा लोड चालू ठेवून एकूण आकडा लिहून घ्या. आयईसी ६०३६४ मधला दंडक असा की सततची गळती आरसीसीबीच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांत असावी, म्हणजे ३० मिलीअँपिअरला ९. मग एकेक एमसीबी पाडत दर वेळी आकडा किती उतरला ते टिपा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: गळत्यांची बेरीज सरळ होत नाही. उपकरणांतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारी आणि ओलाव्यातून येणारी गळती एकमेकींशी ९० अंशांवर असतात, एक शिखरावर असते तेव्हा दुसरी शून्यावर. ३ आणि ४ मिळून ७ दिसत नाहीत, ५ दिसतात. उतरलेले आकडे एकूण आकड्याशी जुळले नाहीत म्हणून मीटरवर संशय घेऊ नये.

कपॅसिटरमधली गळती हा बिघाड नाही. फेज आणि अर्थच्या मध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झला साधारण ०.३४ मिलीअँपिअर वाहतो. संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, एलईडी ड्रायव्हर अशी डझनभर उपकरणं एकाच आरसीसीबीवर असतील तर ९ चा आकडा ओलांडायला वेळ लागत नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. सर्किटं दोन-तीन आरसीसीबींवर वाटणं किंवा प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) देणं हा उपाय. ३० चा काढून १०० मिलीअँपिअरचा बसवणं हा उपाय नव्हे. ट्रिपिंग थांबेल, पण माणसाला शॉकपासून मिळणारं संरक्षण जाईल.

सर्वांत जास्त गोंधळ न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी टेकल्यामुळे होतो, आणि या मीटरने सर्वांत जास्त वेळ तिथेच वाचवला आहे. एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे दोषी सर्किटचा एमसीबी पाडला तरी आरसीसीबी पडत राहतो आणि शोध भलतीकडे जातो. खूण अशी: घरात कुठेही मोठा लोड लावला की गळतीचा आकडा त्या लोडबरोबर वाढतो, कारण परतीच्या प्रवाहाचा एक हिस्सा अर्थमधून निघून जातो. ही खूण दिसली की मेन बंद करून, वीज नसल्याची खात्री करून, न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल सोडवून मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) अर्थशी तपासावा. ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगओहम यायला हवा. त्याआधी उपकरणांचे प्लग काढणं आवश्यक, नाहीतर इलेक्ट्रॉनिक भागांना धोका होतो. भिंतीत ठोकलेला खिळा, स्विचबोर्डात चेपलेली वायर, पाणी शिरलेला बाहेरचा दिवा ही नेहमीची ठिकाणं.

दुसरा अवघड प्रकार म्हणजे ठरावीक वेळीच चालणारे हीटर. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधला डिफ्रॉस्ट हीटर काही तासांतून एकदा थोडा वेळच चालतो. वॉशिंग मशीनचा हीटर फक्त गरम पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये. बरेच दिवस बंद असलेल्या गिझरच्या एलिमेंटमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी सीलमधून ओलावा शोषते, आणि चालू करताच गळते. इथे मीटरचं मिन-मॅक्स उपयोगी पडतं. क्लॅम्प लावून ठेवायचा, ऑटो पॉवर-ऑफ बंद करायचं, आणि कमाल आकडा नंतर बघायचा. ऑटो पॉवर-ऑफ बंद करता येत नसेल तर ते मीटर या कामाला घेऊ नये.

यालाही मर्यादा आहे. ३० मिलीअँपिअरला आरसीसीबीने ३०० मिलीसेकंदांच्या आत पडायचं असतं आणि पाचपट गळतीला ४० च्या आत. बहुतेक क्लॅम्प सेकंदाला मोजकीच वाचनं घेतात, त्यामुळे क्षणिक झटका सुटू शकतो. सततची गळती ३-४ मिलीअँपिअरच असून आरसीसीबी पडत असेल आणि लोडबरोबर आकडाही वाढत नसेल, तर रॅम्प टेस्ट करणाऱ्या, म्हणजे गळती हळूहळू वाढवत किती मिलीअँपिअरला पडतो ते पाहणाऱ्या, आरसीडी टेस्टरने खुद्द आरसीसीबीच तपासावा. त्यावरचं टेस्ट बटण यंत्रणा हलते एवढंच सांगतं, किती मिलीअँपिअरला पडतो ते सांगत नाही.

विकत घेताना मीटरवरचं फिल्टरचं बटण (उच्च वारंवारितेची गळती वगळणारं) जरूर पाहा. फिल्टरशिवाय १२ आणि फिल्टर लावून ३ दिसलं, तर बाकीची गळती इन्व्हर्टरसारख्या उपकरणांची उच्च वारंवारितेची आहे, इन्सुलेशन शाबूत आहे. ट्रू आरएमएस (विजेची लहर वेडीवाकडी असली तरी बरोबर मोजणं) हवंच. माहितीपत्रकात आयईसी ६१५५७-१३ या लीकेज क्लॅम्पच्या मानकाचा उल्लेख असलेला बरा. जबडा ३०-४० मिलिमीटरचा असेल तर घरगुती डीबीत पुरतो. आरसीसीबी आणि एमसीबी कंगव्यासारख्या बसबारने जोडले असतील तर मात्र मध्ये जागाच नसते. मग आरसीसीबीच्या आधीच्या फेज-न्यूट्रलवर मोजावं. एकेका उपकरणासाठी तिन्ही वायर वेगळ्या केलेली आखूड एक्स्टेंशन बनवून ठेवावी.

मीटर खरं बोलतंय का, याची एक चाचणी घेताक्षणी करता येते. १० अँपिअरच्या लोडची एकच इन्सुलेटेड वायर जबड्यातून नेऊन तशीच उलट परत आणा. आकडा शून्याच्या आसपास हवा. वायर जबड्यात इकडेतिकडे सरकवल्यावर २-३ मिलीअँपिअर उमटत असतील तर ते मीटर परत करा. स्वस्त मीटर बहुतेक इथेच नापास होतात, कारण जबड्याची दोन तोंडं नीट जुळत नाहीत.

एमसीबी पडत असेल तर फक्त फेज जबड्यात घ्या. १६ अँपिअरचा बी किंवा सी कर्व्हचा (किती पट प्रवाहाला तत्काळ पडतो त्यावरून ठरणारे प्रकार) एमसीबी १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरला तासभर टिकायला हवा आणि १.४५ पट, म्हणजे २३.२ ला तासाच्या आत पडायला हवा. १२-१३ अँपिअरलाच पडत असेल तर आधी त्याचा स्क्रू तपासा. सैल टर्मिनलची उष्णता आतल्या बायमेटलपर्यंत पोचते. मोटर सुरू होताक्षणी पडत असेल तर बी कर्व्ह ३ ते ५ पटीला आणि सी कर्व्ह ५ ते १० पटीला तत्काळ पडतो हे लक्षात घ्या. पण सी बसवण्याआधी त्या सर्किटचा फॉल्ट लूप इम्पीडन्स (फॉल्टचा प्रवाह ज्या वाटेने फिरतो तिचा एकूण रोध) पुरेसा कमी आहे का, ते मोजून घ्यावं.

डीसी गळती मात्र हे एसी क्लॅम्प दाखवत नाहीत. विजेवरच्या वाहनाचा चार्जर किंवा सौर इन्व्हर्टर असलेल्या घरात मीटरवर १ मिलीअँपिअर पाहून निर्धास्त होऊ नये. तिथे आरसीसीबी एसी, ए, एफ की बी प्रकारचा आहे (कोणत्या तऱ्हेची गळती ओळखतो त्यावरून हे प्रकार ठरतात), ते आधी पाहावं.